आपापलं गाव सोडून संप

माझ्या नोकरीचं वर्णन एका वाक्यात संपतं. राळेगाव तालुक्यातल्या एका सबस्टेशनच्या खोलीत बसायचं, फोन आला की एखाद्या भागाची वीज बंद करायची आणि पुन्हा फोन आला की सुरू करायची. पद ऑपरेटरचं. काम वीज कंपनीचं, पगार मात्र एजन्सीचा. अकरा वर्षांत एजन्सी तीनदा बदलली. मी, खुर्ची आणि पंखा तेच राहिलो. या सबस्टेशनवरून एकोणीस गावांना वीज जाते. त्यांच्यासाठी सहा लाइनमन आहेत, तेही माझ्यासारखेच कंत्राटी. कागदावर हे सहा जण खांबावर चढतात.

प्रत्यक्षात खांबावर झिरो चढतो.

झिरो वायरमन म्हणजे ज्याची कुठेच नोंद नाही असा माणूस. त्याला परवाना नाही, पगार नाही, विमा नाही. लाइनमनचं पोट सुटलं, गुडघा धरला किंवा नुसता कंटाळा आला की तो गावातल्या एखाद्या काटक माणसाला हाताशी धरतो. आधी पक्कड द्यायला, मग शिडी धरायला, आणि वर्षभरात तो माणूस वर असतो नि लाइनमन खाली. लाइनमन त्याला आपल्या खिशातून थोडं देतो, गावकरी फ्यूज टाकून दिल्याबद्दल थोडं देतात. सगळे त्याला झिरो म्हणूनच हाक मारतात. त्यात गैर काही आहे असं कोणाला वाटत नाही. माझ्या भागात सहा लाइनमनचे आठ झिरो होते. दोघा लाइनमनना एक पुरत नव्हता.

सबस्टेशनला लागून असलेल्या गावचा लाइनमन आमच्यात सगळ्यात जाडा. त्याचा झिरो चाळिशीचा, अंगाने वाळका आणि तोंडाने फाटका. तो सबस्टेशनच्या दारात पाणी प्यायला थांबायचा आणि पाण्यापेक्षा जास्त वेळ बोलायचा. कोणाच्या घरी आकडा टाकलेला आहे, कोणता सरपंच मोटारीचं बिल भरत नाही, सगळं त्याच्याकडे. मला त्याचा कंटाळा यायचा. तो उधारीवर तंबाखू मागायचा आणि परत करायचा नाही.

लाइन बंद करून घेण्याची आमची पद्धत अशी आहे. लाइनमन मला फोन करतो, गाव आणि काम सांगतो. मी त्याचा आवाज ओळखतो. लाइन बंद करतो, स्विचच्या दांड्यावर ‘माणसे काम करत आहेत’ ही पाटी अडकवतो आणि ‘बंद आहे’ असं त्याला सांगतो. ज्याने बंद करून घेतली, त्यानेच काम झाल्यावर सुरू करायला सांगायचं. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही. नियम चांगला आहे. फक्त तो अशा माणसासाठी लिहिला आहे, जो फोनही करतो आणि वरही चढतो. आमच्याकडे फोन करणारा चहाच्या टपरीवर असतो आणि चढणारा वावरात.

तीन वर्षांपूर्वी झिरो तुरीच्या वावरातल्या एका खांबावर होता. त्याची मोटारसायकल बांधावर उभी होती. ती त्याचा साळा किराणा आणायला घेऊन गेला. टपरीवर बसलेल्या लाइनमनने गाडी जाताना पाहिली, झिरो काम संपवून घरी निघाला असं स्वतःच ठरवलं आणि मला फोन केला, “झालं. सोड.” आवाज त्याचाच होता. मी पाटी काढली आणि नियमाप्रमाणे लाइन सोडली. झिरो तेव्हा उतरायला लागला होता. हात तारेपासून निघाला होता, पण पुरता लांब गेला नव्हता. ठिणगी उडाली, हात भाजला आणि तो तुरीत पडला. तूर दाट होती म्हणून वाचला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत.

चौकशी झाली नाही. चौकशीला नोंदलेला माणूस लागतो. लाइनमन दवाखान्यात केळी घेऊन गेला आणि परत येऊन मला म्हणाला, “मी त्याले नेहमी सांगत असतो ना बे, गाडी कोनाले देत नको जाऊ म्हून.”

बोटं जखडली तरी झिरो पुन्हा चढायला लागला, कारण दुसरं काही करायला नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आमच्या एजन्सीची मुदत संपत आली आणि युनियनने नव्या कराराच्या मागण्या काढल्या, तेव्हा तो पाणी पिता पिता म्हणाला, “भाऊ, तुमच्या त्या कागदात माही एक गोष्ट टाका.”

“काय?”

“लाइन बंद झाली का नाई, हे मले तुमी सांगाचं. माह्या कानानं ऐकाचं हाय मले. त्या टपरीवरच्या ढोल्याच्या तोंडून नाई.”

“मले फोनवर तुह्याशी बोलता येत नाई. ज्याची नोंद हाय त्यालेच सांगता येते.”

“मंग आता कोनाशी बोलून राह्यले?”

“आता तू पानी पिऊन राह्यला.”

“तेच म्हनतो मी. पानी पितानी मी हाय, अन् खांबावर चढलो का मी नाई. माही नोंदच करून टाका मंग. वाटल्यास झिरो म्हून करा.”

मला ती मागणी बरोबर वाटली. दया आली म्हणून नव्हे. माझ्या कामात एक चुकीची जोडणी होती आणि ती मला दोन वर्षं दिसत होती. सूचना एकाला जाते आणि हात दुसऱ्याचा जळतो. असा हिशेब मी घरच्या किराण्यातही चालू देत नाही.

युनियनचं कार्यालय यवतमाळला, बस स्टँडपासून जवळ, एका टायरच्या दुकानावर. जिना इतका अरुंद की पोट असलेले पदाधिकारी आडवे होऊन चढतात, आणि आमच्या युनियनमध्ये दुसऱ्या प्रकारचे पदाधिकारी नाहीत. अध्यक्ष नेरचे. खांब शेवटचा कधी चढले हे त्यांना आठवत नाही, पण बोलताना मूठ अशी वळतात की हातात तारच आहे. कराराच्या वाटाघाटीसाठी पाच जणांची समिती नेमली. मला त्यात घेतलं, कारण एजन्सीने पगारातून कापलेले पैसे आणि फंडात भरलेले पैसे यांचा मेळ कोणाला तरी मांडून द्यायचा होता. बाकी चौघे अध्यक्षांचे जावई, भाचे आणि शेजारी या वर्गातले होते.

मागण्या आठ होत्या. एजन्सी बदलली तरी जुनी माणसं कायम ठेवावीत, पगार ठरलेल्या दराने थेट खात्यात यावा, प्रत्येकाला हातमोजे आणि कमरपट्टा मिळावा, वगैरे. सगळ्या रास्त. हातमोज्यांचं सांगतो. आमच्या सबस्टेशनवर सहा लाइनमनमध्ये तीन हातमोजे होते. त्यांतले दोन डाव्या हाताचे.

मी नववी मागणी लिहून दिली: खांबावर प्रत्यक्ष चढणाऱ्या माणसाची नोंद करावी आणि लाइन बंद-सुरू झाल्याचं त्याला थेट सांगावं.

अध्यक्षांनी ती वाचली आणि चष्मा काढला. “हे कोनासाठी?”

“झिरोसाठी.”

खोलीत हशा पिकला. एक जण म्हणाला, “उद्या म्हनशीन, टपरीवाल्यालेई मेंबर करा. चहा तर तोच पाजते.”

“टपरीवाला तुह्या बदली खांबावर चढते काय?” मी विचारलं.

“अबे, आपनच लेखी देऊन राह्यलो का मंग, का आमी चढत नाई म्हून?”

हा त्यांचा खरा आक्षेप होता आणि तो त्यांनी न लाजता सांगितला. अध्यक्षांनी मात्र मोठेपणाने तोडगा काढला. मागणी राहू द्या, शेवटी राहू द्या. साहेबांना काहीतरी नाकारायला मिळालं पाहिजे. अशा रीतीने झिरोचा जीव आमच्या मागणीपत्रात नवव्या क्रमांकावर आला. नाकारण्यासाठी.

पहिली बैठक कंपनीच्या कार्यालयात झाली. टेबलाच्या या बाजूला अध्यक्ष आणि आमची समिती, त्या बाजूला कंपनीचे साहेब आणि नव्या एजन्सीचा नागपूरचा माणूस. साहेब प्रत्येक मागणीला “सकारात्मक विचार करू” म्हणत. मी वहीत त्या वाक्यापुढे रेघा मारत होतो. सहा झाल्यावर बंद केलं. नवव्या मागणीला साहेबांनी मान वर केली.

“प्रत्यक्ष चढणारा माणूस म्हणजे? लाइनमनच चढतो.”

“नाही चढत, साहेब,” मी म्हणालो.

“मग तुम्ही इथे कोणासाठी हातमोजे मागताय?”

एजन्सीचा माणूस हसला. “अच्छा सवाल है, साब.” आमचे चौघेही हसले. आपल्यावरच हसलं जातंय हे त्यांच्या लक्षात यायला चहा संपावा लागला. साहेब मग गंभीर होऊन म्हणाले, “अशी कोणतीही माणसं कंपनीच्या लाइनवर काम करत नाहीत. अस्तित्वातच नाहीत. हे कृपया बैठकीबाहेरही बोलू नका.”

बाहेर आल्यावर अध्यक्षांनी संप जाहीर केला. “चार दिसांत जिल्हा अंधारात. मंग पाहू कोन सकारात्मक विचार करते ते.” टाळ्या झाल्या.

घरी बायकोला सांगितलं. आमची मुलगी यवतमाळला कॉलेजात आहे आणि घरात पगार माझा एकटाच आहे, तेव्हा तिला विचारण्याचा हक्क होता. ती म्हणाली, “संपाले ना नाई. पन तो ढोल्या संपावर हाय हे लोकाईले समजन कसं? तो तसाई बसूनच असते.”

तिच्या बोलण्यात जेवढं शहाणपण होतं, तेवढं पाच जणांच्या समितीत नव्हतं. मला धरून.

संप सुरू झाला. सबस्टेशनच्या फाटकासमोर मंडप टाकला, सतरंजी अंथरली. आत माझ्या खुर्चीवर कंपनीचा एक कायम नोकरीतला अभियंता येऊन बसला. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. मोटारी दिवसभर चालत होत्या, म्हणजे फ्यूज उडणार, खांबावरच्या तारा जोडणारा जंपर तुटणार, ट्रान्सफॉर्मरची डीपी जळणार. या दिवसांत रोज किती तक्रारी येतात हे मला तोंडपाठ आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फाटकातून आतल्या अभियंत्याला विचारलं, “तक्रारी किती?”

“कमीच आहेत,” तो म्हणाला. “छान चाललंय.”

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा नेरहून फोन. “किती गावं अंधारात हायेत तुमची? पेपरवाल्याले सांगाचं हाय.”

मी मंडपाबाहेर जाऊन ओळखीच्या माणसांना गावोगावी फोन लावले. एकोणीसपैकी एकही गाव अंधारात नव्हतं. मी सतरंजीवर परत आलो. सहाही लाइनमन पत्ते खेळत होते.

“तुह्या गावची लाइट कोन पाहून राह्यलं?” मी जाड्याला विचारलं.

त्याने पत्ता टाकला. “झिरो पाह्यते.”

“आपला संप हाय ना?”

“संप तं हायच. पन आपलं गाव तं सोडा लागते ना. उद्या त्याच गावात राहाचं हाय मले. सरपंच शेजारी हाय माह्या.”

“अन् शेजारचं गाव?”

“ते सासरवाडी हाय.”

“अन् नाल्यापलीकडचं?”

“तिथं माहा हरभरा हाय,” तो म्हणाला, जणू मी विचारायलाच नको होतं.

मग मी एकेकाला विचारलं. एकाने आपलं गाव आणि दोन बहिणींची गावं सोडली होती. एकाने आपलं गाव, मामाचं गाव आणि जिथे मुलाची सोयरीक चालू होती ते गाव. एकाने तशी तीन, आणि देवस्थान म्हणून चौथं. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की आपण तेवढा अपवाद केला आणि बाकीचा संप इतर पाच जण कडकडीत पाळतायत. पाच जणांनी तीन-तीन आणि एकाने चार गावं सोडली होती. एकोणीसमधून एकोणीस गेले. मी हे त्यांना मांडून दाखवलं, तेव्हा ते स्वतःवर नाही, एकमेकांवर चिडले. “मी तं तीनच सोडले! तू चार काहून सोडले बे?”

आणि हे सगळं चालवत होते आठ झिरो. आम्ही आरामात मंडपात बसावं म्हणून ते दुप्पट खांब चढत होते. मी नेरला अध्यक्षांना फोन करून सांगितलं. मग ते म्हणाले, “इकडंई तसंच दिसते.” आणि जरा वेळाने, “माह्या गावचं मीच सांगितलं होतं म्हना.”

दुसऱ्या बैठकीत साहेबांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. “संप चालू आहे ना अजून? मला विचारावं लागतंय, कारण कळायला मार्ग नाही.” एजन्सीच्या माणसाने शांतपणे सांगितलं की जुनी माणसं ठेवण्याची त्याला काही निकड दिसत नाही. “काम तो हो रहा है.” आठ दिवसांत आम्ही हजर झालो नाही तर तो नवी माणसं घेणार होता. समितीतले चौघे परतीच्या एसटीत एकमेकांना सांगत होते की साहेबांचा सूर तसा नरमच होता.

मंडपाशी झिरो बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, कारण त्याला आधीच कळलेलं होतं.

“म्हंजे तुमचा संप आमीच मोडून राह्यलो,” तो म्हणाला.

“हाव.”

“अन् आमाले कोनी सांगितलंई नाई का मोडू नका म्हून. उलट हा ढोल्या म्हने, दोन चकरा जास्त मार.” तो जाड्याकडे पाहून मोठ्याने बोलत होता. जाडा पत्ते पिसत होता. “भाऊ, आमी उतरतो खाली. आठच्या आठ. एक दिवस पुरते. पन माही ती गोष्ट राहीन ना कागदात?”

मी अध्यक्षांना त्याच्यासमोर फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. अध्यक्ष म्हणाले, “शब्द देतो. नववी मागनी घेतल्याबिगर सही नाई.” त्यांच्या आवाजात मूठ वळल्याचं ऐकू आलं. झिरोने मला विचारलं, “यायच्या शब्दाचं वजन किती भरते, भाऊ?” मी म्हणालो की मला माहीत नाही, पण माझी सही त्या मागणीशिवाय होणार नाही. तेवढंच माझ्या हातात होतं आणि तेवढंच मी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही झिरो एका वावरात हुरडा भाजत बसले आणि फोन बंद करून ठेवले. दहाच्या सुमाराला पहिली डीपी गेली. दुपारपर्यंत सात गावांच्या मोटारी बंद. संध्याकाळी चक्क्या बंद, मोबाइलचे टॉवर बंद. गावकरी लाइनमनच्या घरी आले. एका लाइनमनला सासऱ्याने ओढून खांबापाशी नेलं. तो चार फूट चढला आणि तिथेच खांबाला मिठी मारून राहिला. त्याला उतरवायला शिडी आणावी लागली. नेरकडेही त्यांचे झिरो बसले होते. आमच्या झिरोचा तिकडे मावसभाऊ होता. आतला अभियंता मला फाटकात येऊन म्हणाला, “छान चाललेलं होतं हो. अचानक काय झालं?”

तिसऱ्या दिवसावर गोष्ट गेलीच नाही. साहेबांनी स्वतः बोलावलं. या वेळी काजू होते. एजन्सी बदलली तरी जुनी माणसं कायम, मान्य. पगार थेट खात्यात, मान्य. हातमोजे, दोन्ही हातांचे, मान्य. नववीवर साहेब म्हणाले, “हे सोडा. जे नाहीत त्यांच्याविषयी करार कसा करायचा?”

“काल ते नव्हते म्हणूनच जिल्हा बंद होता, साहेब,” मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे न पाहता अध्यक्षांकडे पाहिलं. एजन्सीचा माणूस म्हणाला की नववी सोडली तर तो सगळ्यांना पावसाळी कोट देईल, पाठीवर युनियनचं नाव छापून. अध्यक्षांनी विचारलं, “नाव मराठीत का इंग्रजीत?” मला त्याच क्षणी समजलं. अध्यक्ष माझ्या मांडीवर हात ठेवून हळूच म्हणाले, “पुढच्या करारात घेऊ ना भाऊ. एका घासात सारं खाल्लं जात नाई.” चौघांनी सह्या केल्या. माझी जागा कोरी राहिली. कोणी हरकत घेतली नाही. चार पुरत होत्या.

गुलाल उधळला. जाड्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न झाला आणि सोडून द्यावा लागला. झिरो रस्त्याच्या पलीकडे उभा होता. मी जाऊन सांगितलं, नववी गेली. कोटाचंही सांगितलं. त्याने मला शिवी दिली नाही, पण अध्यक्षांना जी दिली ती इथे लिहिता येणार नाही. मग म्हणाला, “तुमचा तो मागन्याचा कागद असन तं द्या एक.”

दोन दिवसांनी तो टपरीवर जाड्यासमोर तो कागद घेऊन बसला. मी तिथे होतो. त्याने बोट ठेवत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “हातमोजे. कंपनीनं तुले देल्ले ना? ते माह्याजोळ राहीन.”

“अबे, माह्या नावानं हायेत ते!”

“मंग तू चढ.”

जाड्याने चहात बिस्कीट बुडवलं.

“कमरपट्टा. मले. मजुरी ठरल्या तारखेले. मले. अन् हे नववं,” त्याने कागद त्याच्या नाकासमोर धरला, “लाइन बंद झाली हे मी ऑपरेटरच्या तोंडून ऐकीन. अन् झाली म्हून मीच सांगीन. नाई जमत तं सांग. आठी जनाईचं हेच ठरलं हाय. पावसाळी कोट तूच घाल.”

“ऑपरेटर थोडीच बोलन तुह्याशी. त्याले नियम हाय,” जाडा आशेने माझ्याकडे पाहत म्हणाला. दोघेही माझ्याकडे पाहायला लागले.

नियम मला त्या दोघांपेक्षा जास्त माहीत होता. नोंद नसलेल्या माणसाशी लाइनबद्दल बोलू नये. आणि बंद करून घेणाऱ्यानेच सुरू करायला सांगावं, हाही नियमच. अकरा वर्षं मी पहिला पाळला आणि दुसरा पाळतोय असं समजत आलो. “बोलीन,” मी म्हणालो.

आमच्या पाच जणांच्या समितीला तीन बैठकांत आणि काजूंसकट जे जमलं नाही, ते त्याने एका चहात मिळवलं. चहाचे पैसेही जाड्याने दिले.

आता लाइनमनचा फोन येतो तेव्हा मी एवढंच म्हणतो, “त्याले दे.” आठही झिरोंचे आवाज मी पाठ केले आहेत. महिन्याभराने जाड्याने, किंवा त्याच्यासारख्याच कोणीतरी, नव्या एजन्सीला हे कळवलं आणि मला खुलासा मागणारं पत्र आलं: आपण कंपनीच्या लाइनवर अनधिकृत व्यक्तीशी संभाषण करता. मी उत्तर लिहिलं की अशी कोणतीही व्यक्ती अस्तित्वात नाही असं साहेबांनी बैठकीत सांगितलं होतं. तरी मी कोणाशी बोललो ते आपण कळवावं, म्हणजे त्याची नोंद करून घेता येईल. दुसरं पत्र आलेलं नाही. अध्यक्षांचा मात्र फोन आला, की मी युनियनला अडचणीत आणतोय. कोट आले का, असं मी विचारलं. आले होते. पाठीवरचं नाव पहिल्याच पावसात गेलं म्हणाले.

काल सकाळी तुरीच्याच वावरातला जंपर तुटला. मी लाइन बंद केली, पाटी अडकवली, तारेत वीज नाही हे मीटरच्या काट्यावर पाहिलं. फोनवर झिरो होता.

“बंद हाय,” मी म्हणालो.

“पुना सांगा.”

“बंद हाय. पाटी लावली. तू सांगशीन तेव्हाच सोडतो.”

“अजून एकडाव.”

तो हे दर वेळी तीनदा वदवून घेतो. कंटाळा येतो, पण मी तीनदा सांगतो. पलीकडून त्याने फोन खिशात टाकल्याची खरखर आली आणि मागून जाड्याचा आवाज, “चढ ना बे आता, किती ऐकतं?” त्यावर झिरो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. पाऊण तासाने त्याचा फोन आला. त्याचाच.